त्र्याहत्तरावा अंगठा

टपालकाकांचा कार्यक्रम त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होता आणि ही गोष्ट टपालकाका सोडून केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक होती. सगळ्यांत जास्त ठाऊक होती ती त्यांच्या सुनेला, कारण ज्या तक्त्यावरून तो बंद व्हायचा होता, तो तक्ता तिनेच तयार केला होता.

केंद्र म्हणजे काही भव्य प्रकरण नव्हतं. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, त्यावर गच्ची, गच्चीवर एक मनोरा आणि त्या मनोऱ्यावरून आवाज जाईल तेवढा, म्हणजे साधारण नदीपासून दगडाच्या खाणीपर्यंतचा मुलूख. बाहेरच्या खोलीत टेबलं, कागद आणि सून. आतल्या खोलीत, काचेपलीकडे, माइक. काचेच्या अलीकडे ध्वनियंत्रासमोर बटणराव बसायचा. यंत्राच्या बाबतीत तो देवमाणूस होता, पण स्वतःचा फोन त्याने अजून बटणांचाच ठेवला होता, त्यावरून हे नाव पडलं. लोकांनी लोकांसाठी चालवलेला रेडिओ असल्यामुळे पगार या दोघांनाच होता आणि मतं मात्र सगळ्यांना होती.

टपालकाका पस्तीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून केंद्रावर यायला लागले आणि बघता बघता सकाळी नऊ ते साडेनऊची वेळ त्यांची होऊन बसली. कार्यक्रमाचं नाव 'आलेलं टपाल'. श्रोत्यांनी पत्रं पाठवायची, काकांनी ती वाचून उत्तरं द्यायची. यात काकांचे दोन नियम होते. पहिला, पत्र आधी फोडायचं नाही. दुसऱ्याचं पत्र आपण उभ्या जन्मात फोडलेलं नाही आणि हे तर श्रोत्यांचं, त्यांच्या कानांदेखतच फुटणार, असं त्यांचं म्हणणं. दुसरा, एकदा फोडलं की सहीपर्यंत वाचायचं. अर्धं टपाल पोचवणं म्हणजे त्यांच्या लेखी नोकरीतून काढून टाकण्यासारखा गुन्हा होता. एकदा कुणीतरी घाईत पाकिटात लाँड्रीची यादी घातली होती. काकांनी तीही वाचली, दोन चादरी, चार उशांचे अभ्रे, एक पायजमा, नाडी वेगळी, आणि शेवटी अदबीने सांगितलं की नाडी केंद्रावर आलेली नाही, खाली चौकशी करावी.

असं सगळं सुखाने चाललं असतं, पण मध्यंतरी केंद्राच्या समितीचे अध्यक्ष दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं आणि एरवी ते बरे होते. शिबिराचा विषय होता, छोट्या रेडिओ केंद्रांनी सोशल मीडिया कसा वापरावा. जाताना ते नुसते गेले होते, येताना ते आकडे घेऊन आले. केंद्राचं पेज निघालं. दर कार्यक्रमाचं चित्र पेजवर लागलं आणि चित्राखाली अंगठा. अध्यक्षांनी फतवा काढला की महिनाअखेरीस ज्याला सर्वांत कमी अंगठे, तो कार्यक्रम बंद आणि त्या वेळात गाणी. कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अंगठे द्यायचे नाहीत, हेही त्यांनी लिहून दिलं. माणूस आतून सरळ होता, हीच अडचण होती.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला चारशे बारा अंगठे पडले. हवामानाला शहाण्णव. वीज कधी जाणार ही सूचना सांगतात, त्या दोन मिनिटांनाही अठरा. 'आलेलं टपाल'ला शून्य.

यात नवल काहीच नव्हतं. काकांचे श्रोते म्हणजे कणीक तिंबणारे बेकरीवाले, मशीनवर वाकलेल्या शिवणकामवाल्या, हातात करवत धरलेले सुतार. त्यांचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, म्हणून तर ते रेडिओ ऐकतात. पण हे तक्त्यात लिहायला रकाना नव्हता.

सुनेला रोज वाटायचं, आज बाबांना सांगू. आणि रोज घरी परतताना ते एखाद्या पत्राबद्दल इतक्या रंगात येऊन बोलायचे की तिचा धीर व्हायचा नाही. शेवटच्या दिवशी तिने एक शेवटचा उपाय काढला. कागदी पत्रांऐवजी श्रोत्यांच्या ग्रुपवर येणारे निरोप वाचायचे. निरोप पाठवणाऱ्याच्या हातात फोन असतोच, तो खूश होऊन अंगठा देईल, असा तिचा हिशेब. केंद्राचा एकमेव फोन तिने माइकशेजारी उभा केला.

"बाबा, वर जो निरोप टपकेल तो वाचायचा. बाकी कशाला हात लावू नका."

"आणि हा फोडायचा कसा?"

"फोडावा लागत नाही. उघडाच येतो."

"म्हणजे पोस्टकार्ड," काका म्हणाले आणि निश्चिंत झाले.

एक गोष्ट मात्र सून विसरली. त्या एकाच फोनमध्ये श्रोत्यांचा ग्रुप होता तसा समितीचाही होता. समिती एरवी दुपारच्या आधी जागी होत नसे. पण त्या दिवशी बैठक होती.

नऊ वाजता लाल दिवा लागला. पहिले दोन निरोप श्रोत्यांचे होते. काकांनी ते झकास वाचले, उत्तरं दिली. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिसरा टपकला.

"आज पाच वाजता बैठक," काका आपल्या भारदस्त, संथ आवाजात वाचू लागले. "टपालकाकांचा कार्यक्रम बंद करण्याचा ठराव घ्यायचा आहे." इथे त्यांचा आवाज किंचित अडखळला. पण पत्र एकदा सुरू केलं होतं. "महिनाभरात सर्वांत कमी अंगठे, म्हणजे एकही नाही. पेजवर अंगठा नाही याचा अर्थ ऐकणारं कोणी नाही. उगाच भावनेच्या भरात कोणी बाजू घेऊ नये. आपला, अध्यक्ष."

सही झाली. मग तीन सेकंद काहीच ऐकू आलं नाही. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे फार असतात. तेवढ्यात बेकरीवाला कणकेतला हात काढून रेडिओ बिघडला का ते बघायला उठला होता.

"हे टपाल दुसऱ्या पेटीतलं दिसतंय," काका म्हणाले. "पण पत्ता चुकलेला नाही. मिळालं, अध्यक्षसाहेब."

बाहेरच्या खोलीत सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. तिने बटणरावाला खुणेने सांगितलं, गाणं लाव. बटणराव हेडफोन लावून असा रंगला होता की त्याने उलट तिलाच हाताने थांब म्हटलं. आतल्या दाराला दिवा लाल असताना हात लावायचा नाही, हा तिचाच नियम. मग तिने तिला सुचलं ते केलं, म्हणजे स्वतःच्या फोनवरून समितीच्या ग्रुपवर घाईघाईने चार ओळी लिहिल्या.

त्या अर्थातच काकांच्या समोर टपकल्या.

"कृपा करून आत्ता इथे कोणी काही लिहू नका," काका वाचू लागले. "बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला सांगवलं नाही. मी आज घरी गेल्यावर सांगणार आहे. आपली..." काकांनी चष्मा वर केला, कारण फोनमध्ये तिचं नाव तिच्या कामावरून नोंदवलेलं होतं. "आपली, सोशल मीडिया."

काचेतून त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. काकांना राग आला नाही, पण काळजात कुठेतरी लागलं. ज्या घरात आपण जेवतो, त्याच घरात आपलं टपाल महिनाभर अडकून पडलं होतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्यानंतर सचिवांचा निरोप आला, की हे रेडिओवर कोण वाचतंय, ताबडतोब थांबवा. काकांनी तो सहीसकट वाचला आणि उत्तर दिलं, "सचिवसाहेब, मीच वाचतोय." समिती त्यानंतर चिडीचूप झाली. कार्यक्रम संपवताना काका एवढंच म्हणाले, "श्रोतेहो, आज पाचपर्यंत अंगठे मोजायचे आहेत म्हणे. अंगठा कसा देतात ते मला ठाऊक नाही, त्यामुळे तुमच्याकडे मागायचा प्रश्न येत नाही. तब्येतीला जपा." आणि दिवा विझला.

काका बाहेर आले. सून म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

"वाईट बातमीचं टपाल आधी द्यायचं असतं, सूनबाई. चांगली बातमी थांबते," ते म्हणाले आणि माठातलं पाणी प्यायले. यापेक्षा ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने ठरवलं की अध्यक्षांना दुकानात गाठायचं, माफी मागायची आणि निदान एका महिन्याची मुदत मागायची. ती मागच्या गल्लीने निघाली. नेमके त्याच वेळी अध्यक्ष केंद्रावर जाब विचारायला पुढच्या रस्त्याने निघाले. सकाळपासून दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने रंगाचा भाव विचारण्याआधी काकांबद्दल विचारलं होतं आणि त्यांचं डोकं फिरलं होतं.

इकडे दहाच्या सुमाराला केंद्राच्या जिन्यावर पहिली शिवणकामवाली हजर झाली. गळ्यात टेप तशीच. "अंगठा कुठे द्यायचा?" तिने विचारलं. तिच्यामागे बेकरीवाला, पिठाच्या हातांनी. त्याच्यामागे सुतार, एक नर्स, दोन आजोबा आणि त्यांच्यामागून आणखी माणसं. काकांनी मागितलं नव्हतं, म्हणूनच सगळे आले होते.

काका नको नको म्हणत असतानाच बटणरावाने कारभार हातात घेतला. त्याने टेबल जिन्याच्या तोंडाशी ओढलं, केंद्राचा फोन त्यावर ठेवला, 'आलेलं टपाल'चं चित्र सुनेने सकाळी उघडून ठेवलेलं होतंच. शेजारी वही ठेवली. नाव लिहा, अंगठ्याच्या चित्रावर बोट दाबा, पुढे चला. एका माणसाने एकदाच दाबायचं, वशिला चालणार नाही. शिवणकामवालीने दाबलं, चित्र निळं झालं. बेकरीवाल्याने दाबलं, करडं झालं. सुताराने दाबलं, पुन्हा निळं.

"हे असं का होतंय?" नर्सने विचारलं.

बटणरावाने क्षणभर विचार केला. यंत्राबद्दल माहीत नाही असं त्याने आजवर कबूल केलेलं नव्हतं. "एक घेतं आणि पुढच्यासाठी मोकळं होतं," तो म्हणाला. सगळ्यांना पटलं.

काका शेजारी खुर्चीत बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओळखत होते, चेहऱ्यावरून कमी आणि पत्त्यावरून जास्त. "तिसरा मजला, डावीकडचं दार, घंटा वाजत नाही. या," ते म्हणायचे. "तुमच्याकडे तो कुत्रा अजून आहे का हो?" सायकली दुरुस्त करणारा आला तेव्हा त्याला तेवीस वर्षांपूर्वी नोकरीचं पत्र दिलं होतं त्याची आठवण दोघांनी काढली. रांग त्यामुळे हळू सरकत होती आणि खाली रस्त्यापर्यंत गेली होती.

त्या रांगेच्या शेपटाशी अध्यक्ष येऊन ठेपले. त्यांनी बाजूने वर जायचा प्रयत्न केला. एका आजीबाईंनी छत्री आडवी धरली. "रांगेत या. आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?"

"अहो, मला वर काम आहे. मी इथला..." अध्यक्ष म्हणाले आणि थांबले, कारण पुढच्या पायरीवर त्यांचाच विषय चालला होता. तो अध्यक्ष म्हणे रंगवाला आहे. त्याने दिलेला रंग एका पावसात उतरतो. असा माणूस काकांना काय उतरवणार, असं एकजण म्हणाला आणि पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी हळूच रुमाल काढून तोंडावरचा घाम पुसला आणि तो तिथेच धरून ठेवला.

"तुम्ही कोणत्या गल्लीतले?" आजीबाईंनी विचारलं.

"इकडचाच."

"काकांनी तुमचं काय पोचवलं होतं?"

हा प्रश्न अध्यक्षांना अपेक्षित नव्हता. सांगायचं काय, म्हणून ते आठवायला लागले, आणि आठवायला लागल्यावर आठवलं. दुकानाच्या परवान्याचं पाकीट. भर पावसात आलं होतं. पोस्टमन नखशिखांत भिजला होता आणि पाकीट कोरडं होतं. "परवाना," ते रुमालाआडून म्हणाले.

"माझ्या मुलाची पत्रं," आजीबाई म्हणाल्या. "आता तो पत्र लिहीत नाही, फोन करतो. दोन मिनिटांत ठेवतो. काका दुसऱ्यांची का होईना, अर्धा तास वाचतात."

अध्यक्ष सव्वा तास त्या रांगेत उभे राहिले. त्यातल्या एकाही माणसाजवळ त्यांना धड फोन दिसला नाही.

दुकानात अध्यक्षांची वाट बघून कंटाळलेली सून परत आली तेव्हा रांग बघून तिचा आनंद गगनात मावेना. कर्मचारी म्हणून तिला वाट मिळाली. ती धावत वर गेली, वही पाहिली, एकाहत्तर नावं. मग तिने फोन पाहिला. पुढे आजीबाईंची पाळी होती. त्यांनी दाबलं, आणि निळा अंगठा करडा झाला.

सुनेचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका फोनवरून एकच अंगठा धरला जातो. एकाने दिलेला पुढच्याने काढला होता, त्याच्या पुढच्याने पुन्हा दिला होता. सकाळपासून बहात्तर माणसांनी दुकानं बंद ठेवून, पायऱ्या चढून, बोटं पुसून दाबलं होतं आणि सगळे मिळून पुन्हा शून्यावर आले होते. हे आता यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आजीबाई तर काकांचा हात हातात घेऊन सांगत होत्या, "काळजी करू नका. माझा पडलाय."

आणि मग रुमाल लावलेला गृहस्थ टेबलाशी आला. बटणरावाने तोंड उघडलं, काकांनी त्याच्या पायावर पाय ठेवला. काकांनी अध्यक्षांना केव्हाच ओळखलं होतं. पण मागे जिन्यावरची माणसं तापलेली होती आणि माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही जुनी सवय.

"या," काका हळू आवाजात म्हणाले. "दाबलंच पाहिजे असं नाही. दमला असाल. पाणी घ्या, मागच्या जिन्याने जा."

"अहो, दाबा की," मागून कोणीतरी ओरडलं. "आम्हाला परत कामावर जायचंय."

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि रुमाल खिशात घालून अंगठ्यावर बोट दाबलं. अंगठा निळा झाला.

त्याच क्षणी सुनेने फोन उचलून छातीशी धरला. "बॅटरी संपली," तिने जाहीर केलं. बॅटरी निम्मी शिल्लक होती. मागच्या अकरा जणांनी कुरकुर केली, तिने त्यांची नावं वहीत घेतली आणि हात जोडून सगळ्यांना घरी पाठवलं.

पाच वाजता बैठक बसली. सचिवांनी तक्ता वाचला. चारशे बारा, शहाण्णव, अठरा. 'आलेलं टपाल', एक.

"एक?" सचिवांनी चष्मा पुसला. "दुपारी लाँड्रीवाल्याचं दुकान माणसांनी झाकून गेलं होतं म्हणे."

सुनेला मग सगळं सांगावंच लागलं, निळं काय, करडं काय आणि बहात्तर म्हणजे शून्य कसे. सांगताना तिचे डोळे भरून आले. सचिवांनी वाईट वाटल्याचं तोंड केलं, पण नियम नियम होता. वहीतली नावं चालत नाहीत, पेजवरचाच आकडा धरायचा, हे अध्यक्षांनीच लिहून दिलेलं. शिवाय हा जो एक आहे, तोही आपल्याच केंद्राच्या नावावर दिसतोय, म्हणजे कर्मचाऱ्यांनी दिलेला, म्हणजे तोही बाद.

"तो बाद नाही," अध्यक्ष म्हणाले.

"कसा काय?"

"मी कर्मचारी नाही. त्यांच्या घरचाही नाही." अध्यक्षांनी खाली बघतच पेनाचं टोपण लावलं. "सव्वा तास उभा राहून दिलाय. कार्यक्रम चालू राहील. माझा नियम मी मागे घेतो, तसं लिहून घ्या."

सचिवांनी लिहून घेतलं. कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले की कारणाची जागा मोकळी सोडा.

टपालकाका बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या हातात उद्याची पत्रं होती, अजून बंद. उद्या ती वाचायला मिळतील की नाही हे ठाऊक नसतानाही त्यांनी ती गल्लीवार लावून ठेवली होती. सून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. यावेळी तिने काहीच दडवलं नाही. कार्यक्रम राहिला हे आधी सांगितलं आणि मग जीव मुठीत धरून आकडाही सांगितला.

"एकच?" काका म्हणाले.

"एकच, बाबा."

"कोणाचा?"

"अध्यक्षांचा."

काका थोडा वेळ पत्रांचा गठ्ठा मांडीवर ठोकून सारखा करत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हणजे कार्यक्रम बरोबर जागी पोचला," ते म्हणाले. "बाकीचे तर ऐकतच होते."